वाट लागलेली कॅसेट

सर्वेशच्या गाळ्याचा जिना चढताना सुगंधा मधल्या वळणावर टेकली. मे महिन्यातली रविवारची दुपार. चारकोपच्या औद्योगिक वसाहतीत चिटपाखरू नव्हतं. सगळी शटरं खाली, यंत्रं बंद, फक्त वरच्या मजल्यावरून कुठल्याशा जुन्या तबकडीची खरखर येत होती. नवरा गेल्यावर तिने ठरवलं होतं की हा जिना आता पुन्हा चढायचा नाही, निदान गुडघे तरी वाचतील. पण आज काम होतं, आणि ते दुसऱ्या कोणाला सांगून होण्यातलं नव्हतं.

वर मंडळ भरलं होतं. या मंडळाला नाव नाही, नोंदणी नाही, अध्यक्ष नाही. आहेत ती नुसती जुन्या गाण्यांनी झपाटलेली माणसं. कोणी बँकेतून निवृत्त झालेला, कोणी अजून रिक्षा चालवणारा, एक दातांचा डॉक्टर. दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सर्वेशच्या छपाईच्या गाळ्यात जमायचं, शाईच्या वासात सतरंज्या अंथरायच्या, आणि महिन्याभरात ज्याला जे घबाड मिळालं असेल ते त्याने सगळ्यांना ऐकवायचं. तबकडी असो नाहीतर कॅसेट. नियम दोनच. लावण्याआधी ती कुठे सापडली ते सांगायचं. आणि एखाद्या कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग असेल तर त्या कार्यक्रमाला जो स्वतः हजर होता त्याने पुढच्या बाकावर बसायचं, बाकीच्यांनी मागे सतरंजीवर. याला ते 'हजर ते पुढे' म्हणत. या एका नियमापायी मंडळात जेवढ्या थापा मारल्या गेल्या तेवढ्या निवडणुकीतही मारल्या जात नसतील. काही कार्यक्रमांना तर बाक पुरायचा नाही. कार्यक्रम झाला तेव्हा ज्यांचा जन्मही झाला नव्हता असे लोक छाती काढून पुढे जाऊन बसायचे.

हे सगळं सुरू केलं ते सुगंधाच्या नवऱ्याने, नंदू सावंतने. नंदू मालवणकडचा. गिरणी बंद पडल्यावर कांदिवलीच्या एका औषध कंपनीत पॅकिंगला लागला, पण तो नुसता पोटापाण्याचा उद्योग. जीव सगळा डबलबारीत. डबलबारी म्हणजे दोन भजनी बुवांचा सामना: एकाने भजनातून सवाल टाकायचा, दुसऱ्याने भजनातूनच त्याची जिरवायची, आणि शेवटी गजर चढला की पखवाज, झांजा आणि पब्लिक यांत जास्त आवाज कोणाचा ते कळेनासं व्हायचं. नंदू टेपरेकॉर्डर काखेत मारून मानखुर्दपासून दहिसरपर्यंत हिंडायचा, ओळखी काढून पहिली रांग मिळवायचा आणि रेकॉर्ड करायचा. पण त्याला एक खोड होती. गजर टिपेला पोचला की त्याला राहवायचं नाही. खुर्चीतून अर्धा उठून तो ओरडायचा, "आता काय रवला!" म्हणजे, आता राहिलं काय, बुवांनी होतं नव्हतं ते सगळं देऊन टाकलं. आपलंच रेकॉर्डिंग आपणच खराब करणारा माणूस तिने दुसरा पाहिला नव्हता.

पुढे त्याला घशाचा कॅन्सर झाला. जीव वाचला, स्वरयंत्र गेलं. त्यानंतर नंदू जवळजवळ वीस वर्षं जगला आणि एक शब्द बोलला नाही. पाटीवर लिहायचा आणि टाळी वाजवून बायकोला बोलवायचा. एक टाळी म्हणजे चहा, दोन म्हणजे इकडे ये. सुगंधाने त्याच्या गळ्यातली नळी धुतली, कफ काढला, पाटी पुसली, आणि दर रविवारी येणाऱ्या त्याच्या दोस्तांना चहा दिला. लोक म्हणायचे, सुगंधाने फार केलं हो. तिला त्याचा रागच यायचा. मी नाही तर करणार कोण, तुम्ही? गेल्या वर्षी नंदू गेला, आणि त्याचे दिवस झाले न झाले तोच इमारत पुनर्विकासाला निघाली. रडायला सवड मिळाली नाही. भांडी बांधायची, कागदपत्रं शोधायची, भाड्याचं घर बघायचं. ती इतकी दमली होती की कधी कधी टाळी ऐकू आल्यासारखं वाटायचं आणि तरीही ती उठायची नाही.

त्या धांदलीत मंडळातला देवेश आला. अंधेरीच्या एका डबिंग स्टुडिओत मालिकांच्या आवाजाचं काम करणारा, पस्तिशीतला, सगळ्यांत धाकटा. कपाटभर कॅसेटी बघून त्याचे डोळे लकाकले.

"काकी, बुरशी लागलीय सगळ्यांना. मी कॉम्प्युटरवर घेतो आणि एकदम चकाचक करतो. कॅसेटी परत आणून देऊ ना नंतर?"

सुगंधा तेव्हा गाद्यांना दोरी आवळत होती. तिने वळूनही पाहिलं नाही.

"नको रे बाबा. कुठे ठेवू? भंगारात दे."

हे तिचे शब्द. पुढे ते तिला फार महाग पडायचे होते.

दोनेक महिन्यांपूर्वी मुलगी मानसी नातीला घेऊन आली होती. नात, अपूर्वा, आजोबांच्या फोटोकडे बघत म्हणाली, "आजी, आजोबा बोलायचे तेव्हा कसे बोलायचे गं?" मानसी म्हणाली, "मस्त बोलायचे, जोरात." अपूर्वा म्हणाली, "पण कसे? करून दाखव ना." मानसीने करून दाखवलं नाही. तिने आईकडे पाहिलं. सुगंधाने तोंड उघडलं, "आता काय रवला" असं म्हणून बघितलं, आणि तिच्या तोंडून तिचाच आवाज आला. पुन्हा म्हटलं. पुन्हा तिचाच. तो जाड होता का, नाकातून यायचा का, शेवटी वर जायचा की खाली, तिला काहीच आठवेना. पाटीवरचं अक्षर आठवत होतं, टाळी आठवत होती. ज्या माणसाबरोबर जन्म काढला त्याचा आवाज तिच्या डोक्यातून पार पुसून गेला होता. ती भाजी निवडत बसली, पण हात चालेना. फोनवर बोलणं रेकॉर्ड करायचे दिवस आले तेव्हा नंदूकडे आवाजच नव्हता. लग्नाचा व्हिडिओ नव्हता. कुठेच काही नव्हतं.

मग एके दिवशी कुकरच्या शिट्ट्या मोजताना तिला मुलुंड आठवलं. मुलुंडच्या नाट्यगृहातली दुपारची डबलबारी, राजाराम बुवांची. ती कॅसेट तर नंदू आवाज गेल्यावर रोज ऐकायचा. आणि त्यात तो नेहमीसारखा ओरडला होता! तिने तशीच ओल्या हाताने देवेशला फोन लावला.

"तो मुलुंडचा कार्यक्रम आहे ना रे तुझ्याकडे?"

"आहे म्हणजे काय काकी! झकास झालाय. या रविवारी तोच लावतोय मंडळात, नंदूकाकांच्या आठवणीत. तुम्ही याच."

म्हणून ती आली होती. राजाराम बुवांसाठी नाही, मंडळासाठी नाही. नंदूची ती एक हाक ऐकायला.

तिला बघून सगळे उठले, या वहिनी, या काकी झालं, आणि तिला दाराजवळ चहाच्या थर्मासशेजारी प्लास्टिकची खुर्ची मिळाली. सवयीने तीही तिथेच बसली. सर्वेशने एक तबकडी वर धरली होती. घाटकोपरला एका पडक्या चाळीच्या गॅलरीत ती तुळशीच्या कुंडीखाली ताटलीसारखी ठेवलेली सापडली म्हणे. तबकडीवर मातीचा गोल डाग अजून होता. डागापर्यंत सुई गेली की तबकडीतली गाणारी बाई कापऱ्या आवाजात लाट घ्यायची आणि सगळे डोळे मिटून माना हलवायचे. मग दातांच्या डॉक्टरने गोरेगावच्या कुठल्याशा मैफलीची हकीकत सांगितली. गाणारीचा तानपुरा उतरला तेव्हा मी पहिल्या रांगेत होतो, म्हणाला. मागच्या खेपेला तो तिसऱ्या रांगेत होता. सुगंधा हातातला रुमाल घडी करत होती आणि उलगडत होती.

शेवटी देवेश उठला.

"राजाराम बुवा, मुलुंड. सापडली नंदूकाकांच्या कपाटात, चारकोपच्या जुन्या घरी. हजर ते पुढे!"

बाकावर एकच माणूस जाऊन बसला. धम्मपाल कांबळे, टेलिफोन खात्यातून निवृत्त, राहणार मानखुर्द. मूळचा लांज्याकडचा, तरुणपणी भीमगीतांच्या पार्टीत ढोलकी वाजवायचा, आणि डबलबारीला यायचा तो फक्त पखवाजासाठी. एका कानात यंत्र, हातात काठी. नंदूचा सगळ्यात जुना दोस्त, आणि त्याच्याशी सगळ्यात जास्त भांडलेलाही. मुलुंडला धम्मपालने आपलाही टेपरेकॉर्डर नंदूच्या पायापाशी ठेवला होता, कारण पहिली रांग नंदूला मिळाली होती. गजरात पखवाजवाल्याने अशी तिहाई टाकली, तोच तुकडा लागोपाठ तीनदा, की तशी धम्मपालने जन्मात ऐकली नव्हती, आणि ती जिथे समेवर येते नेमकी तिथेच नंदू बोंबलला. "नंद्याने माझ्या कॅसेटची वाट लावली," हे गाऱ्हाणं धम्मपाल तेव्हापासून दर रविवारी गायचा. नंदूचा आवाज गेल्यावरही गायचा, फक्त वाट कशी लावली ते मग सांगत नसे, आणि नंदू पाटीवर 'चूक झाली राव' असं लिहून त्याला दाखवायचा.

सुगंधाही त्या दिवशी मुलुंडला होती. पण ते कोणी विचारलं नाही, आणि तिने सांगितलं नाही. उठून सांगायलाही अंगात बळ लागतं.

देवेशने बटण दाबलं. आणि खरोखर, पोराने काम केलं होतं. राजाराम बुवा जसे काही शेजारी बसून गात होते. पेटीचा एकेक स्वर सुटा, झांज काचेसारखी लख्ख. सतरंजीवरचे लोक एकमेकांना कोपराने ढोसत होते. समोरच्या बुवांचा सवाल झाला, राजाराम बुवांचं उत्तर झालं, हशा झाला, आणि गजर सुरू झाला. सुगंधा खुर्चीच्या कडेला सरकली. गाण्यातलं तिला काही कळत नसेल, पण हा गजर तिला पाठ होता. भिंतीपलीकडून, भांड्यांच्या आवाजात, अर्ध्या कानाने तिने तो शेकडो वेळा ऐकला होता. आता लय वाढणार, आता झांजा चढणार, आता पखवाज एकटा सुटणार. तिहाई आली, एक, दोन, तीन, समेवर पडली.

आणि काही नाही. नुसती स्वच्छ जागा. मग लांबून टाळ्या, आणि पुढचा अभंग.

तिला वाटलं आपल्याला चुकून ऐकू आलं नाही. वयच झालं. तिने शेजारच्याकडे पाहिलं, तो तोंड उघडं टाकून वा वा करत होता. सगळा गाळा वा वा करत होता.

"ऐकलंत काकी?" देवेशचा चेहरा आनंदाने फुलला होता. "एक खोकला नाही, एक शिट्टी नाही. डोक्यावरचा पंखासुद्धा काढला. सगळ्यात बेकार म्हणजे तिहाईवर कोण तरी असला बोंबलला होता ना, माईकच्या तोंडावर! त्याला काढायला एक महिना गेला यार. पण काढला. मागमूस नाही ठेवला."

बाकावरून धम्मपालने मान वळवली.

"कोण तरी?"

"असेल कोणी पब्लिकमधला."

"अरे गाढवा," धम्मपाल म्हणाला, "तो नंद्या होता."

देवेश हसला, कारण त्याला ती थट्टा वाटली. मग त्याने सुगंधाकडे पाहिलं आणि त्याचं हसणं तोंडातच राहिलं. त्याचा तरी दोष काय? तो मंडळात आला तेव्हा नंदूच्या गळ्यात नळी होती. नंदूकाका म्हणजे पाटी, खडू आणि टाळी. या माणसाला कधीकाळी आवाज होता, आणि तो ओरडायचा, हे त्याला कुठून माहीत असणार? ज्याच्या आठवणीत एवढी मेहनत केली, त्यालाच त्याने महिनाभर खपून, चिमट्याने कुसळ काढावं तसं काढून टाकलं होतं.

सुगंधा उभी राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. तिने अगदी साधेपणाने विचारलं, "मग परत घालता येईल ना रे, काढलंयस ते?"

"काकी... स्टुडिओच्या मशीनवर केलं होतं. तिथे दर शनिवारी सगळं पुसतात. मूळ काही... नाही राहिलं."

"आणि कॅसेट?"

देवेशने मान खाली घातली. गाद्यांची दोरी, पाठमोरं उभं राहणं, सगळं तिच्या डोळ्यांसमोर आलं.

"मीच म्हटलं होतं भंगारात दे म्हणून," ती म्हणाली, आणि पुन्हा खुर्चीत बसली. आता तिला खरोखर थकवा आला. नळ्या धुताना आला नव्हता, घराचं सामान बांधताना आला नव्हता. नातीला आता काय सांगणार? तुझ्या आजोबांचा आवाज होता, तो मी कॅसेटींबरोबर भंगारात दिला. कोणीतरी पाणी आणलं. दातांचा डॉक्टर म्हणाला, आठवणी तर आहेत ना वहिनी, मनात. तिला वाटलं याच्या तोंडात एक द्यावी.

धम्मपाल काठी टेकत उठला आणि तिच्यासमोर येऊन उभा राहिला.

"वहिनी, माझ्याकडे आहे."

"काय?"

"कॅसेट. तीच, वाट लागलेली. फेकवली नाही माझ्याच्याने. कोणाला दिली पण नाही, म्हटलं लोक काय म्हणतील, असली रेकॉर्डिंग. पंचवीस-तीस वर्षं झाली, लावली नाही कधी. चालेल की नाही देव... म्हणजे, सांगता येत नाही. पण आहे."



मंडळात एक कॅसेट डेक होता, नंदूचाच, त्याने जाण्याआधी पाटीवर लिहून मंडळाला दिलेला. देवेशने तो चादरीत गुंडाळून गाडीत ठेवला. चारकोप ते मानखुर्द म्हणजे मुंबईच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला. पवईला गाड्या मुंगीच्या पावलाने सरकत होत्या. धम्मपालला पुढच्या सीटवर डुलकी लागली, कानातल्या यंत्रातून बारीक शीळ येत राहिली. देवेश दर सिग्नलला "सॉरी काकी" म्हणत होता. तिसऱ्या वेळी ती म्हणाली, "गाडी चालव रे. तू माझ्या नवऱ्याचं गाणं सुंदर केलंस, मी काय ते ऐकलं नाही का?" आणि ते खरंच होतं. त्याच्यावर रागवायलाही तिला त्राण नव्हतं. डेक तिच्या शेजारी होता. चादर सरकली होती आणि मागे नेण्याचं बटण दिसत होतं. त्यावरची खूण झिजून पार गुळगुळीत झाली होती. नंदूचं बोट. आवाज गेल्यावर तो दुपारभर हेच करायचा. गजर यायचा, तिहाई पडायची, खट्, कॅसेट मागे. पुन्हा गजर, पुन्हा खट्. ती स्वयंपाकघरातून ओरडायची, "अहो, एकदाचं पुढे जाऊ द्या ना त्या बुवांना!" तिला वाटायचं, हा धम्मपाल म्हणतो ती तिहाई ऐकतोय. आता गाडीत बसल्या बसल्या तिला कळलं की तो तिहाई ऐकत नव्हता. तो स्वतःला ऐकत होता. आणि आपण भिंतीपलीकडे भाकऱ्या थापत होतो. तिला एवढं वाईट वाटलं की तिने खिडकीची काच खाली केली.

धम्मपालचं घर लहान, नीटनेटकं. सून संघमित्रा पाणी घेऊन आली, आणि सासरे पलंगाखाली वाकलेले बघून तिने ग्लास ठेवला आणि बिस्किटांचा पत्र्याचा डबा स्वतःच ओढून काढला. कॅसेटवर धम्मपालने रागाने लिहिलं होतं: मुलुंड, फुकट गेली.

देवेशने कॅसेट उजेडात धरली, पेन्सिल घालून हलकेच दोन वेढे फिरवले, डेकचं हेड स्पिरिटने पुसलं. पहिल्यांदा लावली तेव्हा नुसता घोगरा गोंधळ आला आणि फीत अडकली. सुगंधाने डोळे मिटून घेतले. त्याने बोटांच्या टोकांनी फीत सोडवली, सरळ केली, पुन्हा घातली. बाजूला फोन रेकॉर्डिंगला लावला.

"यातलं काही साफ करायचं नाही," सुगंधा म्हणाली.

"नाही काकी. हात नाही लावणार."

डेकसमोर एक खुर्ची होती, तिच्यात धम्मपाल बसला. सुगंधा दाराजवळ पलंगाच्या कडेला टेकली.

आणि मुलुंड आलं. देवेशच्या त्या लख्ख काचेसारखं नाही. खोकल्यांसकट, पंख्यासकट, कोणाच्या तरी पोराच्या रडण्यासकट. बुवा लांब वाटत होते, पब्लिक जवळ. खुर्च्या कुरकुरत होत्या. गजर चढला. झांजा इतक्या वाजल्या की डेकचा आवाज फाटायला लागला. मग पखवाज एकटा सुटला, एक, दोन, तीन...

"आता काय रवला!"

पलंगाची चादर सुगंधाच्या मुठीत आवळली गेली. असा होता! जाडसर, थोडा नाकातला, शेवटच्या अक्षरावर चिरकणारा. आनंद मावत नसला की चिरकायचा तो. अपूर्वाला करून दाखवता आलं नव्हतं, कारण हा कोणालाच करून दाखवता येणारा नव्हता. इतकी वर्षं पाटीवर राहिलेला माणूस त्या एवढ्याशा खोलीत अर्धा उठून ओरडला होता.

ती काही बोलणार, तेवढ्यात कॅसेटमधून आणखी एक आवाज आला. अगदी जवळून, बायकी, तरणा, लाजून दबकलेला.

"अहो, गप रवा! लोकां बघतत."

आणि मग नंदूचं हसणं. आणि ती बाईही हसली, न राहवून, तोंडावर पदर धरून हसावं तसं.

देवेशने कॅसेट थांबवली.

सुगंधाला तो आवाज ओळखायला नवऱ्याच्या आवाजापेक्षा जास्त वेळ लागला. त्या दिवशी आपण काही बोललो होतो हे तिच्या गावीही नव्हतं. नवी साडी नेसली होती, मानसीला शेजारी ठेवलं होतं, एवढं आठवत होतं. दोन्ही टेपरेकॉर्डर शेजारी शेजारी होते, म्हणजे हे तर तो रोज ऐकायचा. फक्त स्वतःला नाही. खट् करून मागे न्यायचा ते दोघांना. ती भिंतीपलीकडे कंटाळून ओरडायची, आणि भिंतीच्या इकडे, कॅसेटमध्ये, तीच, तिशीतली, त्याच्या खांद्याला टेकून हसत असायची. त्याने पाटीवर कधी लिहिलं नाही. लिहिलं असतं तर तिने पुसलं असतं, चहा टाकायला गेली असती.

गप रवा. जन्मभर तिने त्याला हेच सांगितलं होतं, आणि मग तो असा गप झाला की जाईपर्यंत बोलला नाही. आता मात्र तिला रडू आलं. नंदू गेल्यापासून जे अडकून पडलं होतं ते सगळं आलं, मोठ्याने, परक्याच्या घरात, कशाचीही लाज न बाळगता. संघमित्रा येऊन तिच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली.

बऱ्याच वेळाने धम्मपालने नाक पुसलं.

"वहिनी, तुम्ही होतात तिथे?"

"होते."

"एवढे रविवार चहा दिलात, सांगितलं नाही कधी?"

"कोणी विचारलंच नाही, भावजी."

धम्मपाल काठी टेकून उठला. खुर्ची ओढून त्याने डेकच्या अगदी समोर ठेवली, रुमालाने झटकली, आणि बाजूला सरून उभा राहिला.

"हजर ते पुढे," तो म्हणाला.

सुगंधा उठून त्या खुर्चीवर बसली. देवेशने विचारलं, पुन्हा लावू? तिने त्याचा हात बाजूला केला आणि ते झिजलेलं बटण स्वतःच्या बोटाने दाबलं. खट्. कॅसेट मागे गेली. गजर चढला, पखवाज सुटला, नंदू ओरडला. कॅसेटमधली सुगंधा त्याला गप करत होती. खुर्चीतली सुगंधा डेकवर हात ठेवून म्हणत होती, "आराडा. व्हया तितक्या आराडा."